सहा ग्रुपवर लिंक टाकली, अंगठे आले, ऐकलं कुणीच नाही

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"माझी मैत्रीण स्वतः गाणी लिहिते, चाल लावते आणि गाते. आतापर्यंत तिची तीन गाणी आली. तिसरं आलं तेव्हा मी सहा ग्रुपवर लिंक टाकली. अंगठे भरपूर आले, पण ऐकलं बहुतेक कुणीच नाही. तिचा आकडा वाढावा म्हणून मी रात्री फोनचा आवाज बंद करते आणि तेच गाणं लूपवर लावून झोपते. आता तिनं चौथ्या गाण्याचं रफ मिक्स, म्हणजे आवाज आणि वाद्यांची कच्ची जुळणी, पाठवलंय आणि 'खरं काय ते सांग' म्हणालीये. मला संगीतातलं फारसं कळत नाही. आणि हे गाणं मला तितकंसं भावलंही नाही. दरवेळी 'मस्त झालंय' म्हणते. यावेळी काय म्हणू?"

रात्रीचं ते लूप आधी बंद करा, आजपासूनच. तुम्ही प्रेमापोटी करताय, पण नुकसान तिचं होतंय. चार मिनिटांचं गाणं आठ तासांत १२० वेळा वाजतं. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो, म्हणून कागदावर हिशोब भारी दिसतो. पण एकाच खात्यावरून रात्रभर एकच गाणं वाजतंय, हे अशा सेवांच्या सहज लक्षात येतं. ऐकण्याचा खरा हेतू नसलेले स्ट्रीम त्या बनावट धरतात, आकड्यांतून वगळतात आणि त्याचे पैसे देत नाहीत. २०२४ पासून स्पॉटिफायनं त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. एखाद्या गाण्याचे स्ट्रीम मोठ्या प्रमाणात बनावट निघाले तर ते गाणं स्पॉटिफायकडे पाठवणाऱ्या कंपनीला, म्हणजे वितरकाला, दंड लागतो. वितरक तो कलाकाराच्या माथी मारू शकतो किंवा गाणंच काढून टाकू शकतो. लाखो स्ट्रीमवाल्या गाण्यात एक फोन बुडून जातो. पण महिन्याला पाचशे स्ट्रीम असलेल्या गाण्यात चारशे एकाच उशीखालून आले असतील तर ते लपत नाहीत.

दुसरं नुकसान तुम्हाला दिसत नाही, तिला मात्र भोवतं. तिच्या कलाकार खात्यात श्रोते किती, स्ट्रीम किती, किती जणांनी गाणं सेव्ह केलं, कुठल्या शहरात ऐकलं गेलं, हे सगळं दिसतं. तुमचे स्ट्रीम वगळले गेले नाहीत, तर तिसरं गाणं लोक पुन्हापुन्हा ऐकतायत असं तिला त्यावरून वाटेल. पुढचं गाणं ती त्याच वळणावर बांधेल आणि कार्यक्रमातही तेच पुढे ठेवेल. खरं तर ते पुन्हापुन्हा वाजवलं होतं फक्त तुम्ही, तेही न ऐकता.

पैशांचा नियमही ठाऊक असू द्या. २०२४ च्या सुरुवातीपासून, मागच्या १२ महिन्यांत किमान १००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला स्पॉटिफायवर रेकॉर्डिंगच्या मानधनात वाटा मिळत नाही. शिवाय ते स्ट्रीम पुरेशा वेगवेगळ्या श्रोत्यांचे असावे लागतात, आणि ही श्रोत्यांची किमान संख्या ते मुद्दाम जाहीर करत नाहीत. त्यामुळे एका फोनच्या जोरावर हजाराचा पल्ला गाठून उपयोग नाही. चाळीस जणांनी महिन्यातून दोनदा मनापासून ऐकलं तर वर्षाचे ९६० होतात, हजाराच्या अगदी जवळ. हे चाळीस जण तिला मिळवून देणं तुमच्या हातात आहे, आणि ते एकेक करूनच मिळतात.

ग्रुपवरची लिंक का वाया जाते? ग्रुपवर टाकलेली गोष्ट कुणा एकासाठी नसते, म्हणून कुणीच ती आपली मानत नाही. लोक रांगेत असतात, मीटिंगमध्ये असतात, आवाज बंद असतो. अंगठा दिला की कर्तव्य झालं, गाणं राहून जातं. त्यातून तुमच्या संदेशाची पहिली ओळ बहुधा "माझ्या मैत्रिणीचं गाणं आहे, नक्की ऐका" अशी असणार. ती वाचली की समोरच्याला हे उपकाराचं काम वाटतं. गाणं कसं आहे हे त्यात कुठे आलं?

दहाबारा माणसांची यादी करा. प्रत्येकाच्या नावापुढे ते एरवी काय ऐकतात ते लिहा. ज्यांच्या आवडीशी तिच्या गाण्याचं काहीच जुळत नाही त्यांची नावं खोडा, मग ते कितीही जवळचे असोत. आठवड्याला दोघांना, वेगवेगळा संदेश पाठवा. असा काहीसा:

"तुला संथ, कमी वाद्यांची गाणी आवडतात, म्हणून हे तुलाच पाठवतेय. तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे. हेडफोन लावून ऐक. १:५२ ला सगळं थांबतं आणि नुसता आवाज उरतो, तिथपर्यंत तरी जा. गाणारी माझी मैत्रीण आहे, पण पाठवायचं कारण ते नाही. घाई नाही."

या संदेशात काय काय आलं ते पाहा. हे याच माणसाला का, गाणं किती लांब, कशावर ऐकायचं, आणि वाट बघावी अशी एक जागा. मैत्रीचा उल्लेख शेवटी येतो, लपवलेला मात्र नाही. लपवू नयेच, नंतर कळलं की माणसाला फसवल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी "ऐकलंस का?" असं विचारू नका. ज्याला आवडेल तो आपणहून बोलेल. जो बोलला नाही त्याला तीनचार महिन्यांनी वेगळं गाणं पाठवता येतं. पण एकदा तगादा लावलात तर तुमची पुढची कुठलीच लिंक तो उघडणार नाही.

लिंक पूर्ण गाण्याची द्या. पंधरा सेकंदांची क्लिप किंवा स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवू नका. त्याखाली गाण्याचं आणि गायिकेचं नाव अक्षरांत लिहा, कारण समोरचा दुसरी सेवा वापरत असेल तर त्याला शोधता आलं पाहिजे. यूट्यूबवर बऱ्याचदा एकच गाणं दोन ठिकाणी असतं: एक तिच्या स्वतःच्या चॅनलवर, दुसरं वितरकामार्फत आपोआप तयार झालेलं, नुसतं मुखपृष्ठाचं चित्र असलेलं. कुठली लिंक पुढे करायची ते तिलाच विचारा. चॅनलला जाहिरातींच्या पैशात वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास सार्वजनिक व्हिडिओ पाहिले जाणं, हा मुख्य मार्ग आहे. ती त्यासाठी धडपडत असेल तर तिच्या चॅनलचीच लिंक पाठवा. आणि गाण्याची फाइल व्हॉट्सअॅपवरून वाटत बसू नका. ती कितीही जणांनी ऐकली तरी कुठेच मोजली जात नाही.

तुमच्या आवडीच्या इतर गाण्यांमध्ये तिचं गाणं मिसळून देता येतं, आणि आमच्या मते हा सगळ्यात चांगला रस्ता आहे. आठ ते बारा गाण्यांची यादी करा, चाळीसची नको. तिचं गाणं तिसरं किंवा चौथं ठेवा. पहिल्या जागी अनोळखी आवाज असला की लोक पुढे जातात, आणि शेवटच्या गाण्यापर्यंत कुणी पोचत नाही. शेजार जपा. तिचं गाणं नुसत्या गिटारवर असेल तर त्याच्या आधी ढोलताशा आणि सिंथ भरलेलं गाणं नको, नाहीतर तिचं रिकामं वाटेल. लयीत आणि भरीवपणात जवळचं गाणं आधी ठेवा. आवाज लहान वाटेल याची फार चिंता नको, स्पॉटिफाय मूळ सेटिंगमध्ये सगळी गाणी साधारण -१४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा जोर मोजायचं एकक) या एकाच पातळीच्या आसपास आणून वाजवतं.

आता रफ मिक्स. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे. तुम्हाला संगीतातलं कळत नाही, ही इथे अडचण नाही. तिच्याभोवती कळणारी माणसं असतीलच. तिला हवाय पहिल्यांदा ऐकणारा कान, आणि तो तिच्या स्वतःकडे आता उरलेला नाही. तिनं ते गाणं शेकडो वेळा ऐकलंय. कुठला शब्द ऐकू येत नाही हे तिला कळूच शकत नाही, कारण तिला शब्द पाठ आहेत.

ऐकण्याआधी तिला दोन गोष्टी विचारा: गाणं कुठल्या टप्प्यावर आहे, आणि तिला नेमकं काय जाणून घ्यायचंय. डेमो, म्हणजे चाल ऐकवण्यापुरतं रेकॉर्डिंग, असेल तर चाल, शब्द, कडव्यांचा क्रम, सगळं हलवता येतं. रफ मिक्समध्ये वाद्यं कमीजास्त होतात, एखादी ओळ पुन्हा गाता येते, सुरुवात छाटता येते, पण चाल बदलायची वेळ सहसा गेलेली असते. मास्टर झालेल्या, म्हणजे प्रकाशनासाठी अंतिम तयार केलेल्या, गाण्यात फक्त चूक सांगायची: कुठे टक् असा आवाज येतोय, शेवट मध्येच तुटलाय, भलतीच फाइल आलीये. मास्टरवर "बासरी हवी होती" म्हणणं म्हणजे घर बांधून झाल्यावर जिना हलवायला सांगणं. मैत्रिणी दुखावल्या जातात त्या बहुतेक वेळा मतामुळे नाही, ते चुकीच्या टप्प्यावर आल्यामुळे.

फाइल नीट मागवा. सीडीच्या दर्जाची डब्ल्यूएव्ही फाइल मिनिटाला साधारण १० एमबी असते, म्हणजे चार मिनिटांना ४० एमबी. ती ड्राइव्हवर ठेवून लिंक पाठव म्हणा, किंवा व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोचते. स्पीकरसमोर फोन धरून केलेल्या व्हॉइस मेसेजवर चालीचं मत देता येतं, मिक्सचं नाही.

पहिल्यांदा हेडफोनवर, कागदपेन न घेता, अखेरपर्यंत ऐका. मध्ये थांबवू नका. संपल्यावर लगेच दोनच गोष्टी लिहा: कुठली ओळ डोक्यात राहिली, आणि लक्ष कुठे उडालं. ही नोंद एकदाच करता येते, दुसऱ्यांदा ऐकताना ती संधी गेलेली असते. दुसरी बैठक दुसऱ्या दिवशी, कागद घेऊन. तिनं शब्द पाठवले असतील तर ते उघडू नका, तुम्हाला जे ऐकू आलं ते लिहून काढा. मग ताडून पाहा. जिथे तुमचं चुकलं, तिथे तिचा उच्चार, चाल किंवा एखादं वाद्य आडवं आलंय. तिसऱ्यांदा फोनच्या स्पीकरवर ऐका, आणि आवाज इतका कमी करा की जेमतेम ऐकू यावा. तेवढ्यातही गाणारीचा आवाज टिकला पाहिजे. बास गायब झाला तर मात्र घाबरू नका. बास गिटारची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते आणि फोनचा चिमुकला स्पीकर तिथे पोचतच नाही.

इथे हमखास होणारी एक चूक म्हणजे रफ मिक्स बाजारातल्या गाण्याशेजारी वाजवून "तुझं जरा फिकं वाटतंय" म्हणणं. मास्टर झालेलं गाणं जोरात असतं, आणि आपल्या कानाला जोराचं तेच चांगलं वाटतं, फरक अगदी एकदोन डेसिबलचा असला तरी. तुलना करायचीच असेल तर आधी बाजारातलं गाणं कमी करून दोन्ही सारख्या आवाजावर आणा.

मग नोंदी लिहा, मिनिट-सेकंदासह. त्या अशा दिसाव्यात:

०:०० ते ०:२४: आवाज यायच्या आधी दोनदा वाटलं, आता सुरू होईल.
०:४७: "वारा" म्हणतेस की "सारा", कळलं नाही.
१:१२: "स" आणि "श" कानाला टोचतात, हेडफोनवर जास्त.
१:३८: "भ" म्हणताना धप्प असा आवाज येतो.
२:२०: दुसरी गिटार आली आणि तू मागे गेल्यासारखी वाटलीस.
२:५८: इथे अंगावर काटा आला. हे बदलू नकोस.

यात संगीताची एकही संज्ञा नाही, तरी मिक्स करणाऱ्याला सगळं सापडतं. टोचणारा "स" साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. तो डी-एसर नावाच्या साधनानं दाबतात, मात्र जास्त दाबला तर गाणारी बोबडी वाटायला लागते. "भ", "फ", "प" म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो. तो सरळ माइकवर आदळला की खालच्या पट्टीत धप्प होतं. ते थोडंफार फिल्टरनं निघतं, पण खरा उपाय म्हणजे पॉप फिल्टर (माइकसमोरची जाळी) लावून, माइक तोंडासमोरून थोडा बाजूला घेऊन ती ओळ पुन्हा गाणं. गिटार आल्यावर आवाज मागे जातो, कारण दोघांची बरीच ताकद एकाच पट्ट्यात असते. मग गिटार कमी करतात किंवा डावीउजवीकडे सरकवतात. उपाय तुम्ही सुचवायचा नाही. "आवाज वाढव" म्हणालात आणि दोष गिटारचा असला तर ती चुकीच्या जागी आठवडा घालवेल. काय ऐकू आलं आणि कुठे, एवढंच लिहा.

शेवटच्या नोंदीसारखी एक तरी नोंद हवीच, आणि ती खरी हवी. मिक्स सुधारताना चांगल्या जागा नकळत पुसल्या जातात. काय जपायचं हे कुणी सांगितलं नसेल तर तेही जातं.

सुरुवात लांब वाटली हे जरूर सांगा. पण "३० सेकंदांच्या आत माणूस गेला तर स्ट्रीम धरत नाहीत, म्हणून छाट" असं म्हणू नका. गाण्याला लांब सुरुवात हवी की नको हे गाणं ठरवतं, आकडा नाही, आणि हा हिशोब तिच्या डोक्यात आधीच कुणीतरी भरवलेला असणार.

आणि तुम्हाला गाणं भावलं नाही त्याचं काय? हे सांगायच्या आधी स्वतःशी एक उलगडा करून घ्या. "न भावणं" तीन तऱ्हेचं असतं. हा प्रकारच आपला नाही, ही एक तऱ्हा. शब्द कळले नाहीत किंवा आवाज बुडाला म्हणून आत शिरता आलं नाही, ही दुसरी, आणि रफ मिक्समध्ये ही फार वेळा असते. तिसरी म्हणजे सगळं नीट ऐकू आलं, प्रकारही आवडीचा, तरी गाण्यानं धरून ठेवलं नाही. तीन दिवस जाऊ द्या, पुन्हा ऐका आणि यातली कुठली ते ठरवा. पहिली असेल तर "या प्रकारात माझा कान तयार नाही, म्हणून मी फक्त शब्द आणि आवाजाबद्दल सांगते" असं म्हणा. दुसरी असेल तर वरच्या नोंदी पुरतात. तिसरी असेल तर एकदाच, दोघीच असताना, साधं सांगा: "पहिल्या कडव्यानंतर मी तुझ्यासोबत राहिले नाही. तिसऱ्या गाण्यात राहिले होते. कारण मला नीट सांगता येत नाही, पण ती जागा १:३० च्या आसपास आहे." मग गप्प बसा आणि तिला बोलू द्या. अमक्यासारखं कर, असं कुणाचं नाव घेऊन सांगू नका. ती कदाचित म्हणेल, "मला हे असंच हवंय." तसं म्हणाली तर विषय संपला. गाणं तिचं आहे, आणि प्रकाशित झाल्यावर तुमचा आक्षेप पुन्हा काढायचा नाही.

तोवर ती फाइल कुणालाही पुढे पाठवू नका, "फक्त बहिणीला" सुद्धा.

पैशानं मदत करायची असेल तर ती गाणी विकते का ते पाहा. स्ट्रीमला ठरलेला दर नसतो, सगळ्या पैशातून एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटा पडतो आणि नव्या कलाकाराच्या वाट्याला फार थोडं येतं. बँडकॅम्प या गाणी विकायच्या साइटवर डिजिटल विक्रीतून ते १५ टक्के घेतात, पेमेंटचा खर्च वेगळा, आणि उरलेलं कलाकाराला जातं. बहुतेकदा सांगितलेल्या किमतीपेक्षा जास्त द्यायचीही सोय असते. तिचा कार्यक्रम असेल तर तिकीट लवकर काढा. आधी किती तिकिटं गेली यावर आयोजकाचा धीर अवलंबून असतो. आणि घरगुती समारंभात "दोन गाणी म्हण ना" असं फुकटात सांगायची वेळ आली, तर तुम्ही तरी मानधनाचा विषय काढा. ती स्वतः काढणार नाही.

चौथं गाणं येण्याआधी करण्यासारखं एक काम आहे, त्यात संगीत अजिबात लागत नाही. गाणं स्पॉटिफायच्या संपादकांपुढे ठेवायचं असेल तर ते प्रकाशनाआधी, तिच्या कलाकार खात्यातून सुचवावं लागतं. किमान ७ दिवस आधी सुचवलं तर ते तिच्या फॉलोअरांच्या दर शुक्रवारच्या नव्या गाण्यांच्या यादीतही जातं. तीनचार आठवडे हाताशी असलेले बरे, कारण वितरकाकडून फाइल तिथे पोचायलाच वेळ लागतो. या काळात तिला म्हणा, "अपलोड करायच्या आधी सगळं लिखाण मला दाखव." मग एकेक अक्षर तपासा. तिचं नाव आधीच्या तीन गाण्यांवर आहे अगदी तसंच आहे का पाहा, एका रोमन अक्षराच्या फरकानंही गाणं वेगळ्याच कलाकाराच्या पानावर जाऊन बसतं. वादकांची, मिक्स करणाऱ्याची नावं आली आहेत का, गाण्याच्या शब्दांत ऱ्हस्वदीर्घ नीट आहे का, तेही बघा. यादीतल्या ज्यांना तिसरं गाणं खरंच आवडलं, त्यांना याच आठवड्यात तिचं पान फॉलो करायला सांगा. शुक्रवारी गाणं आलं की तुम्ही ते एकदा ऐका, आवाज चालू ठेवून.